सीनाकाठचे धुतलेले दगड

सोलापूरहून माढ्याच्या एसटीत बसले, तेव्हा सॅकमध्ये वही आणि भिंग होतं, डोक्यात पुरातत्त्वाच्या सरांचं एकच वाक्य: "दगड आहे तिथेच राहू दे. जागा गेली की तो नुसता दगड." सीना नदीच्या काठी अश्मयुगातल्या माणसांनी घडवलेली दगडी पाती शोधायची होती. एक जरी जागेसह नीट नोंदवलं, तर उन्हाळ्यातल्या उत्खननात मला घेणार होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. उत्खनन म्हणजे काय, हे आईला सांगताना "विहीर खणतात तसं, पण पाणी लागू द्यायचं नाही" एवढंच सुचलं होतं.

चिंचोळी एमआयडीसी मागे पडली आणि दोन्हीकडे ज्वारी सुरू झाली. फाट्यावर मैत्रिणीचे चुलते, दत्तूकाका, मोटारसायकल घेऊन उभे होते.

घरी काकूंनी आधी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं. मी जेवत असतानाच काकांनी अंगणातलं डालगं (कोंबड्या झाकायची टोपली) उचललं. खाली दगडांचा ढीग होता. स्वच्छ, चमकणारा.

"कालच समदं येचून आणलं," काका म्हणाले. "उन्हात कशाला हिंडायचं पोरीनं?"

"अन् म्या घासून धुतलं," काकू म्हणाल्या. "लई माती हुती."

ढिगात खरोखरच सुरेख पाती होती. मला रडू येत होतं आणि तोंडात भाकरी होती.

मी चाचरत जागेचं महत्त्व सांगितलं. काका ओशाळले. "मग परत टाकू की! हाय काय त्यात?"

"तुम्ही टाकलेलं नाही चालत काका. जुन्या माणसांनी टाकलेलं लागतं. हजारो वर्षांपूर्वीच्या."

"ती आता कुटनं आणायची?" काकूंनी काळजीनं विचारलं.

दुपारभर आम्ही तिघं काठ धुंडाळत होतो. ऊन उतरताना एका ओघळीच्या कडेला, अर्धं मातीत रुतलेलं पातं दिसलं. काकूंचा हात पुढे गेला तसे काका ओरडले, "हात लावू नगं! जुन्या माणसाचं हाय!" आणि पात्याशेजारी पाय रोवून राखणीला उभे राहिले. जवळ आलेल्या शेळीलाही त्यांनी हाकललं. मी फोटो काढले, मोबाइलवर जागा नोंदवली.

सोलापुरात सरांनी फोटो पाहिला. "जागा छान नोंदवलीस. पण मापासाठी शेजारी पट्टी ठेवायची विसरलीस. हा पाय कुणाचा? त्याचं माप मिळालं तरी चालेल."

मी काकांना फोन लावला. "काका, तुमच्या पायाची लांबी हवी होती."

"कुटल्या? उजवा जरा मोटा हाय."

उत्खननाला मला घेतलं. ते पातं घडवणारा माणूस कसा होता, हे मला अजून सांगता येत नाही. त्या पात्याची राखण करणारा माणूस मात्र अहवालात आला आहे, उजव्या पायापुरता.