मुळशीच्या माळावर दोन गाड्यांचे ब्रेक

पुण्याहून निघालो तेव्हा ताईच्या गाडीचे ब्रेक किंचाळत होते आणि माझे गुपचूप काम करत होते, त्यामुळे मी खुशीत होतो. आमच्या दोघांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या, जुन्या, दोन दारांच्या स्पोर्ट्स कार. मी इंजिनाची ताकद वाढवून घेतली. ताईनं मात्र ट्रॅकसाठीचे ब्रेक पॅड, मोठ्या डिस्क आणि जास्त उष्णता सोसणारं ब्रेक ऑइल घातलं. कोणाची गाडी चांगली थांबते, याचं आम्हाला फार कुतूहल होतं.

पौडला चहासाठी थांबताना ताईची गाडी माझ्या बंपरला जवळजवळ लागलीच. हे पॅड गरम झाल्याशिवाय पकडत नाहीत, असं ती म्हणाली. मी मनात एक गुण माझ्या नावावर मांडला.

मालेच्या पुढे माळावर काही हौशी लोकांनी छोटा ट्रॅक केला आहे. बाजूला भातखाचरं, त्यांत उडव्या (कापलेल्या भाताच्या पेंढ्यांच्या राशी) रचलेल्या. सुरुवातीच्या फेऱ्या बरोबरीच्या झाल्या. मग ताई वळणाच्या अगदी तोंडाशी ब्रेक दाबू लागली. मीही तसंच करू लागलो. जळका वास आला, पेडल मऊ लागलं. तरी म्हटलं, एक फेरी अजून.

सरळ पट्टा संपता संपता पेडल थेट तळाला गेलं. ऑइल उकळलं होतं. गियर उतरवत मी ट्रॅकबाहेर पसरलेल्या खडीत शिरलो, खडी ओलांडून खाचरात, आणि गाडी उडवीत घुसून थांबली.

खाचराचे मालक, एक वयस्कर शेतकरी, धावत आले. मी माफी मागून भरपाईचं बोलू लागलो. त्यांनी ते ऐकलंच नाही.

"उडवीच्या मागं माझी मालकीण भाकरी खात बसली हुती," ते म्हणाले.

मी उडवीकडे धावलो. तेवढ्यात उडवीमागून आजी आल्या, केसांत पेंढा, हातात अर्धी भाकरी. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मला काय झालं न्हाई. तू आदी खाली बस. पानी पी."

नंतर ताईही पोचली, आणि गाडी बाहेर काढून आम्ही चौघांनी उडवी पुन्हा रचली. आजींनी तांदळाची भाकरी आणि झणझणीत ठेचा दिला. ब्रेक थंड झाल्यावर ताईनं तिच्याकडचं नवं ऑइल माझ्या गाडीत भरलं. मी पेडल दाबत राहिलो, ती चाकांपाशी बसून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढत गेली. पेडल पुन्हा घट्ट झालं. ताई जिंकली होती, पण तिनं तो विषय काढला नाही.

परतताना पिरंगुटला मागचे हॉर्न वाजवत होते, तरी मी हळूच चालवत होतो. गाडी किती अंतरात थांबते, एवढंच बघायला आम्ही गेलो होतो. त्या अंतराच्या पुढे कोणीतरी निवांत जेवत बसलेलं असू शकतं, हे माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.