पासष्ट इंच जाडीचा फणस

फणसाचं खोड मोजताना माझी एक बारीकशी चूक झाली. तिचं वजन पुढे साडेतीनशे किलो भरलं.

लोणावळ्याच्या तुंगार्लीतल्या आमच्या अंगणातला फणस मे महिन्यातल्या वावटळीत आडवा झाला. (कुणाला लागलं नाही. आजूबाजूचे बंगले शनिवार-रविवारीच उघडतात, आणि तो मंगळवार होता.) फणसाचं लाकूड टेबलाला उत्तम. आमची लेक मुक्ता नवरा आणि दोन मुलांसह कॅनडात असते. दिवाळीला या म्हटलं की "बघू" म्हणते. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असाच आहे, फक्त फोनवर तो कळायला वेळ लागतो. पण सहाजणांचं जेवणाचं टेबल तयार असलं तर ती येईल, असं मी मनाशी धरलं. सध्या मी आणि माझी बायको सुनंदा ताटं मांडीवर घेऊन टीव्हीसमोर जेवतो.

लाकूड सॉ मिलमध्ये नेलं असतं तर अर्ध्या दिवसात फळ्या मिळाल्या असत्या. पण मग दिवाळीपर्यंत मी करायचं काय? म्हणून घरीच बँडसॉ बनवायला घेतला: दोन चाकांवर चढवलेला दात्यांचा पोलादी पट्टा, तो फिरवायला इंजिन, आणि हे सगळं रुळांवरून खोडाकडे ढकलत न्यायला लोखंडी चौकट. चाकं जुन्या स्कूटरची. (मी कारखान्यात टाइमकीपर होतो. तीस वर्षं इंजिनिअरांची हजेरी लावल्यामुळे आपल्यालाही इंजिनिअरिंग येतं, असा माझा समज होता.)

प्रश्न उरला इंजिन केवढं घ्यायचं याचा. सुनंदाची ब्लाऊजची मापं घ्यायची टेप मी खोडाभोवती गुंडाळली. पासष्ट आले. 'जाडी पासष्ट इंच' अशी चिठ्ठी लिहून लोणावळ्यातलं इंजिनाचं दुकान गाठलं. दुकानदाराने आधी चिठ्ठी वाचली, मग मला.

"काका, वीस-बावीस इंचाला साडेसहा हॉर्सपॉवरचं बास होतं. पासष्ट म्हणजे... नक्की झाडच आहे ना?"

मी अभिमानाने हो म्हणालो. मग त्याने मोठ्या डिझेल इंजिनासाठी भाजे गावातल्या धर्माआबांचा पत्ता दिला.

आबांचं साडेतीनशे किलोचं इंजिन गोठ्यात ताडपत्रीखाली होतं. पूर्वी त्यावर शेताला पाणी चढायचं. दोन्ही मुलगे चाकणला कंपनीत, घरात आबा एकटे.

"सोळा घोड्याचं हाय," आबा म्हणाले. "विजेची मोटार आली तवापासनं नुस्ते बांधून ठेवल्यात. सोडाया कुनी येत न्हाई."

इंजिन खुशाल न्या म्हणाले. अट एकच, बसवायला ते स्वतः येणार.

बसवायला पाच आठवडे लागले. आबा रोज सकाळी भाज्याजवळच्या मळवली स्टेशनवरून लोकलने यायचे. एक नट आवळायचे, एक गोष्ट सांगायचे. गोष्टी फार होत्या, नट थोडे, त्यामुळे नट फार हळू आवळले जात. सुनंदा सुरुवातीला चहा द्यायची, मग पोहे, आणि दुसऱ्या आठवड्यापासून स्वयंपाकघरात तीन ताटं मांडायला लागली. टीव्ही बंद राहू लागला.

अखेर एके सकाळी आबांनी हँडल मारलं. सोळाच्या सोळा घोडे एकदम उठले! चौकट थरथरली आणि रुळांवरून चालू लागली. लाकडाकडे नव्हे, उलट दिशेला, जास्वंदीकडे. पट्टा चाकांवरून उडून शेणखताच्या ढिगात घुसला. सुनंदा दारात येऊन जिवाच्या आकांताने काहीतरी सांगत होती. मी हातानेच 'चहा नको' म्हणून खुणावलं.

आबांनी इंजिन बंद केलं.

"खोड किती मोजलंत?" तिने विचारलं.

"पासष्ट इंच. तुझ्याच टेपने."

तिने माझ्या हातातली टेप घेतली आणि आबांदेखत माझ्या कमरेभोवती गुंडाळली. "चाळीस. म्हणजे तुम्ही चाळीस इंच जाड आहात?"

मी टेप सोडवून खिशात टाकली आणि खाली पाहिलं. खोडाचा कापलेला बुंधा समोरच होता. आडवी टेप धरली असती तर एकवीस इंचसुद्धा भरला नसता.

"ऱ्हाऊ द्या वैनी," आबा गंभीरपणे म्हणाले. "भाऊ आडवं पडलं, तर ह्येच इंजिन बराबर पुरंल."

संध्याकाळी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी येईपर्यंत आबांनी एकही गोष्ट सांगितली नाही. डब्यात चढताना म्हणाले, "म्हंजी आता हितं माजं काम न्हाई."

मी म्हणालो, "बघू."

घरी येऊन सुनंदाला सांगितलं, उद्या लहान इंजिन आणतो, चार दिवसांत टेबल तयार होईल. ती मेथी निवडत होती.

"नका आणू. टेबल होईल आणि सहाजणांच्या टेबलाशी आपण दोघंच बसू. इंजिन मोठंच असू दे, आबांना तसं कळवा. निदान जेवायला तिसरं माणूस येतंय." मग तिने हात पुढे केला. "आणि टेप इकडे द्या. काही मोजायचं असेल तर उद्या आबांकडे देईन."