घोडीच्या तोंडातलं पितळ

कार्तिकात एका रविवारी अप्पांकडे गेले तर त्यांची पांढरी घोडी सारखी मान झटकत होती. गिरणी बंद पडल्यावर अप्पांनी लग्नाच्या वरातींसाठी घोडी पाळायला सुरुवात केली; माझं तेव्हा लग्न झालं होतं. ही त्यांची दुसरी. आई गेल्यापासून भवानी पेठेतल्या त्या घरात ते आणि घोडी, एवढंच बिऱ्हाड. मी राहते जुळे सोलापूरला, म्हणजे त्याच शहरात, लांब नव्हे. पण मी जाते ती वाऱ्यासारखी आणि येते तीही तशीच.

मी घोडीचा ओठ उलटून पाहिला. लगामाची तोंडात जाणारी लोखंडी दांडी सांध्याशी झिजली होती आणि तिथं ओठाचा कोपरा चिमटून सोलला होता.

"नवी आणायची हाय," अप्पा म्हणाले. "बाजारातली लई हलकी. वरचा मुलामा चार वरातीत निघतोय."

"मी करून देते."

"तुला जमंल व्हय?"

हे मला झोंबलं. वीस वर्षं तंत्रनिकेतनात मी मुलामुलींना धातू शिकवतेय, आणि बापानं विचारावं जमंल व्हय!

घोड्याच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे, कोरड्या तोंडाचा घोडा अडेल होतो, हे अप्पांचं शास्त्र. तांब्याच्या मिश्रधातूनं लाळ सुटते, हे माझं. दोन्ही जुळली म्हणून पितळ ठरलं. दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या कार्यशाळेत जी पितळी सळई हाताला लागली ती उचलली आणि लेथवर चढवली. काय सुरेख कापली जात होती! चुरा रव्यासारखा भुरभुर पडत होता. दोन तुकडे, मधला सांधा, टोकांना कड्या, वरून पॉलिश. संध्याकाळीच नेऊन दिली. माझ्याच्यानं दुसऱ्या रविवारपर्यंत दम धरवला नसता.

घोडीनं ती चघळली, तोंडाला फेस आला आणि मान झटकणं थांबलं. अप्पांनी गल्लीतल्या एकूण एक माणसाला बोलावून दाखवली. "लेकीनं केलीया," म्हणत होते. त्यांनी चहा टाकला होता, पण मी तो उकळेपर्यंतही थांबले नाही.

महिन्याभरानंतर मी वर्गात फळ्यावर पितळेचे प्रकार लिहीत होते. लेथवर सहज कापलं जावं म्हणून काही पितळेत शिसं मिसळतात. मग लांब वेटोळी न निघता सुटा चुरा पडतो. दरवर्षी मी हे लिहिते, झोपेत विचारलं तरी सांगेन. 'शिसं' हा शब्द लिहिला आणि खडू तिथंच थांबला. तो भुरभुर पडणारा चुरा मला दिसला. शिसं विषारी, थोडं थोडं करत अंगात साठत जाणारं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पुढचं पुस्तकातून वाचा, असं वर्गाला सांगून मी स्कूटर काढली.

सात रस्ता चौकात सिग्नल सुटेना. मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "बाई, उडून जाताव काय?" जमलं असतं तर गेले असते.

अप्पा घोडीला खरारा करत होते. मी दारातूनच सुरू केलं. "अप्पा, ती दांडी आधी काढा. त्यात शिसं आहे. माझं चुकलं. विष असतं ते."

त्यांचा हात थांबला. "हिला काय हुईल?"

"एवढ्यात फार काही नाही होणार. पण डॉक्टरांना दाखवू."

"आन् माणसाला?"

"माणसाचा काय संबंध? माणूस कुठं चघळतोय?"

अप्पा खराऱ्यातले केस काढत बसले. मग म्हणाले, "सकाळचं दांडी लई गार असती. हिचं दात शिवशिवत्यात की. म्हणून आदी मी माझ्या तोंडात धरतो. गरम झाली की हिला देतो."

"रोज?"

"रोज. हिच्या आदीच्या घोडीला बी तसंच."

मी त्यांच्यावरच ओरडले, "कुणी सांगितलं होतं तोंडात घालायला?" आणि शिशाची निळी रेघ उमटलीय का म्हणून मोबाइलच्या उजेडात त्यांच्या हिरड्या बघता बघता मला रडू फुटलं. अप्पा निमूट आ करून उभे होते.

घोडीचं आणि त्यांचं, दोघांचंही रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी तीनदा कपाट आवरलं, दोनदा दूध उतू घालवलं आणि फोन तर विचारूच नका. अप्पा, पोट दुखतंय का? बोटांना मुंग्या येतायत का? चौथ्या दिवशी ते म्हणाले, "तुज्या फोननंच डोकं दुकतंय." त्यांच्या रक्तात शिसं निघालं, पण काळजी करण्याइतकं नाही. घोडीही ठीक निघाली.

मी ती पितळी दांडी करवतीनं कापून भंगारात टाकली. नवी भांड्यांच्या स्टीलची केली. या वेळी सळईबरोबर आलेला तपासणीचा कागद तीनदा वाचला, मगच लेथ सुरू केलं. आणि पौषातल्या एका गारठ्याच्या सकाळी, घोडीला फिरवायला न्यायच्या आधी, घेऊन गेले.

अप्पांनी दांडी उलटीपालटी करून पाहिली आणि माझ्यापुढे धरली.

"आता तू धर."

आयुष्यभर धातूंवर बोलले, पण एकही कधी जिभेला लावला नव्हता. दांडी धुतली आणि तोंडात आडवी धरली. दाढा कळवळल्या. तोंडात स्टील असलं की बोलता येत नाही, आणि लाळ गळत असताना कुठं जाताही येत नाही. मी बादली पालथी घालून तिच्यावर बसले. अप्पा पायरीवर टेकले आणि बोलायला लागले. गुडघा रात्रीचा ठणकतो म्हणाले. आई गेल्यावर सहा महिने चूल पेटवली नव्हती, शेजारून डबा यायचा, हेही तेव्हाच कळलं. मी ओढणीनं हनुवटी पुसत ऐकत होते. थोड्या वेळानं मी दांडीकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या.

"अजून गार हाय," अप्पा दांडीला हात न लावताच म्हणाले. "बस जरा."

दांडी केव्हाच गरम झाली होती. मी बसून राहिले.