अकोटच्या बाकावरची बाई

२१ एप्रिल. सकाळपासून इथे अमरावतीत गच्चीवर सरगुंडे वळते आहे. कणकेची बारीक दोरी काडीभोवती गुंडाळायची, मग काडी अलगद ओढून घ्यायची आणि उरलेलं पोकळ वेटोळं चादरीवर वाळत घालायचं. उन्हात तापणाऱ्या ओल्या कणकेला गोडसर वास येतो. त्या वासाबरोबर मला अकोल्याची गच्ची आठवते आणि आपा आठवतात. आज त्या आठवल्याच असत्या. खाली टेबलावर त्यांची एक गोष्ट पडली आहे आणि उद्या ती अकोल्याला त्यांच्या मुलीकडे पोचवायची आहे.

अकोल्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायची, आपा मराठी. घरात उर्दू, वर्गात शुद्ध मराठी आणि माझ्याशी खास वऱ्हाडी. मी त्यांच्याच माडीवर भाड्याने राहायची. त्या गोष्टी लिहीत, आणि त्यांच्या गोष्टींत काही घडत नसे. अशा लेखनाचा मला पहिल्यापासून संशय. ज्याला खरं सांगायचं नसतं, तो माणूस उन्हाचं, पारव्यांचं, वाळत घातलेल्या ओढणीचं वर्णन करत बसतो, असं माझं मत होतं.

त्यातली एक अकोटच्या बसस्टँडवरची. बाकावर एक बाई बसली आहे. अकोल्याची बस लागते, कंडक्टर ओरडतो, बस निघून जाते. बाई उठत नाही. दुसरी जाते, तिसरी जाते. कापसाचा पुंजका वाऱ्यावर फलाटभर हिंडून तिच्या चपलेला चिकटतो. सावली बाकाच्या एका पायावरून दुसऱ्या पायावर सरकते. गोष्ट संपते.

"ते बाई कोणाची वाट पाहून राहिली, आपा?" मी विचारलं.

"मले काय मालूम?"

"तुमीच लिहिली ना?"

"तू मास्तरीण काहून झाली वो? ठाणेदार व्हायचं होतं तुले."

आपा अधूनमधून एकट्याच अकोटला जात, कशाला ते सांगत नसत, हे मी टिपून ठेवलं होतं. त्या बाकाशेजारी मी मनातल्या मनात कधी रुसलेली बहीण आणून बसवली, कधी मोडलेलं लग्न.

त्यांचं अक्षर किचकट, माझं वळणदार. म्हणून स्वच्छ प्रत मी काढून द्यायची. या गोष्टीची प्रत काढताना मला राहवलं नाही. शेवटी सात ओळी माझ्या घातल्या. चौथ्या बसमधून तिचा भाऊ उतरतो, ती त्याच्या हातातली पिशवी घेते, वगैरे. आपांनी वाचलं. चष्मा काढून पदराने पुसला. "बरं झालं, पोचला तिचा भाऊ," एवढंच म्हणाल्या. प्रत माझ्याच हातात परत दिली आणि त्यानंतर एकही गोष्ट मला दाखवली नाही. त्यांचं लिहिणं सुटलं, अशी मी समजूत करून घेतली.

मागच्या हिवाळ्यात आपा गेल्या. त्यांची मुलगी, मला खाला म्हणजे मावशी म्हणणारी, त्यांच्या गोष्टींचं पुस्तक करते आहे. या गोष्टीची मूळ वही वाळवीने खाल्ली, माझी प्रत तेवढी उरली. परवा फोनवर मी ती वाचून दाखवली, शेवटासकट.

"खाला, अम्मीच्या गोष्टींत हेच एक पुरी झाली," ती म्हणाली. "भाऊ येते तिथं मले रडूच आलं. पुस्तकात शेवटी हेच ठेवू."

मी हो म्हणाले. तेव्हापासून संशय माझाच येतो आहे. त्या सात ओळी छापल्या की आपांच्याच होणार, आणि ओळखणारं माझ्याशिवाय कोणी नाही.

काल ती गोष्ट शेवट तळहाताखाली झाकून वाचली. बाई बसली आहे, बसगाड्या जात आहेत, सावली सरकते आहे. कुकरच्या शिट्ट्या झाल्या त्या मला ऐकू आल्या नाहीत. आपा काहीतरी लपवत होत्या, असं अजूनही वाटतं. पण काडी काढून घेतल्यावरही वेटोळं आपला आकार धरून राहतं, हे मी दर उन्हाळ्यात स्वतःच्या हातांनी करत आले. वाचताना मात्र काडीच शोधत राहिले.

२२ एप्रिल. सकाळी, चहाच्याही आधी, पट्टी धरून त्या सात ओळी कापल्या. मग फोन लावून आपांच्या मुलीला सगळं सांगितलं.

"मंग ते बाई तिथंच बसून राहिली?"

"हो. तिथंच."

पानं आणि सरगुंड्यांचा डबा घेऊन अमरावतीच्या स्टँडवर गेले. अकोल्याची बस लागलेली होती, जागाही होती. मी बाकावर बसले आणि ती जाऊ दिली.