लिंबावर अडलेली गाडी

आमच्या गाडीची क्लचप्लेट गेली तेव्हा सून नुकती गाडी शिकत होती. पोरगा म्हणाला, हिनंच जाळली. सून म्हणाली, आधीच झिजलेली होती. दोघांचंही खरं असावं. पाटणच्या वरच्या अंगाला आमचं गाव, तिथल्या चढाला गाडी नुसती ओरडायची, पुढं सरकायची नाही.

सुनेला लायसन मिरवायला नको होतं. गावाच्या वरच्या वाडीत ती अंगणवाडी चालवते. तिथं नवऱ्यानं सोडायचं, नवऱ्यानं आणायचं. पोरगा फौजेत ड्रायव्हर होता, आता पेन्शनीवर घरी. त्याच्या मनात आलं की निघायचं, नाही आलं की ही वाडीत ताटकळत उभी. "एकदा लायसन मिळू द्या, तुमच्या हॉर्नची वाट बघणार न्हाई," असं ती त्याला तोंडावर सांगायची.

सांगलीत त्याच्या फौजेतल्या दोस्ताचं गॅरेज आहे. गाडी कशीबशी तिथं नेली. मला हळद घ्यायची होती म्हणून मीही गेले. दोस्तानं इंजिनाच्या मागचं खोलून दाखवलं. क्लचप्लेट ज्याला दाबून बसते ते एक जाड लोखंडी चाक असतं. त्याला फ्लायव्हील म्हणतात. इंजिनाबरोबर तेही फिरतं.

"खोललंच हाय तर ह्ये काढू आन् हलकं टाकू," दोस्त म्हणाला. "माज्या गाडीला कालच टाकलंय. अजून भायेर काढली न्हाई, पर आवाज ऐक."

त्यानं उभ्या गाडीला रेस दिली. ती तडातडा बोलली. आपली गाडीबी त्याच मॉडेलची आहे म्हणून पोरगा खूश झाला.

"चढाला काय हुईल?" सुनेनं विचारलं.

"चढाला उडत जाशील," नवरा म्हणाला.

मला कोणी विचारलं नव्हतं, पण मी बोलले. माझं माहेर जतकडचं, मेंढरांमागं फिरणारं. सगळा संसार घोड्याच्या पाठीवर. निघायच्या आधी आई एकेक भांडं हातात तोलून बघायची, जड ते मागं राहायचं. वजन म्हणजे घोड्याचे हाल, हे माझ्या हाडात बसलेलं. ते चाक मी उचलायला गेले तर एका हातानं उचलेना. मी म्हणाले, "येवढं लोखंड फुकट कशाला वागवायचं? टाका हलकं."

सुनेनं माझ्याकडं असं बघितलं, जशी मी तिच्या ताटातली भाकरी उचलली.

"काकीच म्हणाल्या, मिटलं," दोस्त म्हणाला.

"आदी मला तुमची गाडी चालवून बघू द्या," सून म्हणाली.

काम झालेली गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघताना आमच्यात चाकांखाली लिंबं ठेवतात. दोस्तानं लिंबं आणली, मी त्याच्या गाडीच्या चारी चाकांखाली ठेवली. लिंबू अलगद चिरडलं पाहिजे. निसटलं तर लोक तोंड वाकडं करतात. म्हणून पहिल्यांदा पोरगाच बसला.

"फौजेत बर्फातनं ट्रक काढलाय," तो म्हणाला.

त्यानं सवयीप्रमाणं क्लच सोडला. गाडीला एक आचका बसला आणि ती बंद पडली. लिंबू तसंच. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद.

समोरचा रिक्षावाला म्हणाला, "फौजी, लिंबू लय टणक हाय व्हय?"

दोस्ताचा चेहरा उतरला. "काकी, लिंबं बदलू का? कुणाची तरी नजर हाय."

"नजर कसली? गाडी दमच धरंना," मी म्हणाले.

मग पोरानं रागानं रेस दिली. गाडी टुणकन उडाली आणि एक लिंबू निसटून थेट रिक्षाखाली गेलं.

मग सून बसली. तिच्याकडूनही बंद पडली, पण ती चिडली नाही. पाय मागं-पुढं करून बघत राहिली, मग गाडी घेऊन नदीच्या घाटाकडं गेली. आली ती हसतच. "सपाटीला लय मजा येती. जराशी रेस जास्त देऊन क्लच हळू सोडायचा, मग जमतंय. पर वाडीच्या चढाला मागं पोषण आहाराची पोती आन् म्होरं कुणाची म्हस. तितं न्हाई पायजे मला."

तेव्हा मला आमची कडबा कापायची कुट्टी आठवली. तिचं मोठं चाक पहिल्यांदा फिरवताना खांदे भरून यायचे. एकदा फिरलं की पेंढी घातली तरी थांबायचं नाही, त्याचा जडपणाच ते ओढून न्यायचा. निम्मं आयुष्य ते चाक फिरवलं आणि इंजिनापुढं उभी राहून मी घोडा आठवत बसले.

"जुनंच राहू द्या," मी म्हणाले.

"आई, आत्ताच म्हणालीस टाका."

"म्हणाले. आता ठेवा म्हणते."

"गाडी माजी हाय," पोरगा पुटपुटला.

"व्हय की," सून म्हणाली. "हलकं बसवा. मग वाडीत सोडायचं आन् आणायचंबी तुमीच. पावसाळ्यातबी."

पोरानं जुनं चाक पायानं दोस्ताकडं सरकवलं. मग दोस्ताला म्हणाला, "नवी प्लेट घाल गड्या, चाक ऱ्हाऊ दे."

लायसन मिळालं. दिवाळीनंतर आम्ही पाटणहून घरी येत होतो. सून गाडी चालवत होती, पोरगा मागं पिशव्यांत. चढाला मेंढरांचा कळप आडवा आला, अख्खा रस्ता भरून.

"हॉर्न दे," पोरगा म्हणाला.

"मेंढरं बुजतील," मी म्हणाले.

सुनेनं पहिला गिअर टाकला. गाडी मेंढरांच्या चालीनं, त्यांच्या मागं मागं सरकत राहिली. ना आचका, ना बंद. कळप हाकणाऱ्या म्हातारीनं काठी उचलून आम्हाला पुढं जायची खूण केली, पण जायला वाट कुठं होती?

"हलकं चाक असतं तर..." पोरगा बोलला.

"तर तुमी आता खाली उतरून धक्का मारत असता," सून म्हणाली. मेंढरं वळेपर्यंत मी हसत होते.