कणकेतला पंजा

लोणी काळभोरला नदीकाठचे खडक फोडून सिमेंटचा घाट होणार होता. त्याच खडकांत ऊद, म्हणजे पाणमांजर, राहतं असं मार्केट यार्डातले निवृत्त हमाल रंगराव महिनाभर सगळ्यांशी भांडून सांगत होते. अखेर पाहणीला वनखात्याचे एक साहेब आले.

"मुंगूस असेल हो, आजोबा."

रंगरावांचं डोकं सणकलं. रद्दीतली मासिकं वाचून ते शिकले होते. "मुंगूस येगळं, सायेब. थंड मुलखात विझल नावाचं वीतभर जनावर असतंय, त्याच्या कुळातला ह्यो पाण्यातला थोरला भाऊ हाय."

"पुरावा काय?"

रंगरावांनी पिशवीतून कणकेचा वाळलेला गोळा काढला. चिखलातल्या ठशावर कोरडं पीठ भुरभुरून त्यांनी तो दाबला होता.

"दोन दिवसांची कणीक नासली माझी," शेजारी उभी त्यांची बायको कौशल्या म्हणाली.

साहेब हसले. मग त्यांनी गोळा उन्हात धरून निरखला. पाच बोटं उमटली होती आणि बोटांमधला पडदाही.

"मुंगसाला बदकाचे पाय असत्यात व्हय?" रंगरावांनी विचारलं.

साहेबांनी कागदावर 'तूर्त काम थांबवावे' असं लिहिलं आणि गोळ्यासाठी हात पुढे केला.

"आधी सही करा," रंगराव म्हणाले, "मग न्या. आन् हापिसात उंदरांपासनं जपा."