राहनाळच्या गोडाऊनचं भाडं आणि मुलीची शिष्यवृत्ती

रविवार, २७ जुलै. रक्कम, म्हणजे मुलीची वर्षाची फी, दोन लाख चाळीस हजार रुपये. हजर: मी, हे, आमची मुलगी आणि राहनाळहून आलेला माझा मोठा भाऊ.

मुलगी एरोस्पेस इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष पास झाली होती. या विषयात शिकणाऱ्या मुलींना एक ट्रस्ट वर्षाची पूर्ण फी देतो. मुलाखत होऊन तिची निवड झाली होती. आम्हा दोघांची आयकर विवरणपत्रं तेवढी द्यायची होती. आईवडिलांचं मिळून उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, अशी अट. हे शाळेत क्लार्क आहेत, पगार वर्षाला सहा लाख दहा हजार. मी घर सांभाळते. अर्जात माझ्या उत्पन्नापुढे मी शून्य लिहिलं होतं, आणि लिहिताना काही चुकतंय असं वाटलंही नव्हतं.

माझ्या नावाने मात्र दर वर्षी तीन लाख बारा हजारांचं विवरणपत्र भरलं जातं. वडील गेल्यावर राहनाळच्या जागेवर दादाचं आणि माझं नाव लागलं. तिथे गोडाऊन आहे. महिन्याला बावन्न हजार भाडं येतं, निम्मं दादाच्या खात्यात, निम्मं माझ्या. माझ्या खात्याचं पासबुक दादाकडे असतं. भाऊबीजेला ओवाळून झालं की वहिनी नवं चेकबुक आणून ठेवते, मी सगळ्या चेकवर सह्या करते, मग जेवायला बसतो. गावात बहुतेक बहिणींनी हक्कसोडपत्रं लिहून दिली आहेत. दादाने माझ्याकडून घेतलं नाही. भाडं दोन नावांवर विभागलं की त्याचा कर वाचतो, हे मला माहीत होतं. सातबाऱ्यावर आपलं नाव आहे याचं मला बरंही वाटायचं. ते पैसे माझे आहेत, असं आमच्यापैकी कुणाच्याच मनात कधी आलं नाही.

सहा दहा आणि तीन बारा, नऊ लाख बावीस हजार.

"मानकोलीच्या नाक्यावर तास गेला माझा," दादा आल्या आल्या म्हणाला. "बाय, तुझ्या पोरीचं इमान कवा उडतंय?"

"शिष्यवृत्ती आली की, मामा," मुलगी म्हणाली. "तुमच्या गोडाऊनने अडवलंय."

दादा हसला. ह्यांनी त्याला आकडे सांगितले. मी म्हटलं, "ते भाडं माझ्या हातात येत नाही, असं मी लिहून देते."

"मंग कोनाच्या हातात येतं? माझ्या. असं लिवलंस तर मागच्या वर्सांचा कर माझ्या बोकांडी. वर दंड हाय तो येगळा."

ह्यांनी विचारलं, "मग यंदाची फी त्याच खात्यातून भरली तर?"

"खात्यात हाय काय? मयन्याच्या मयन्याला काढतो मी. गोडाऊन बांधलं त्याचा हप्ता काय पाव्हणं भरतात?"



सोमवारी मी ट्रस्टच्या ऑफिसला फोन केला. तिथली बाई शांतपणे म्हणाली, "मॅडम, पैसे तुमच्या खात्यात आले ना? पुढे ते तुम्ही कुणाला दिले, हे आम्ही विचारत नाही. पुढच्या वर्षी उत्पन्न मर्यादेत बसलं तर पुन्हा अर्ज करा."

पहिल्या वर्षासाठी आम्ही शैक्षणिक कर्ज काढलं होतं. ते वाढवायला बँक तारण मागत होती. तारण द्यायला सामाईक जमीन सोडून काही नाही, आणि तिच्यावर दादाची सही लागते. चेकबुक बंद करून भाडं माझ्याकडे ठेवलं असतं, तरी महिन्याला सव्वीस हजारच. फीची मुदत वीस ऑगस्ट.

दोन दिवसांनी दादाचा फोन आला. "हक्कसोड दे. यंदाची फी मी भरतो. मामा हाय मी तिचा."

"आणि पुढची दोन वर्षं?"

"पुढं तुमचा ट्रस्ट हाय ना."

त्यात हिशेब होता, तोही मी मांडला. ऑगस्टमध्ये नाव काढलं, तर यंदा माझ्या नावावर एप्रिल ते ऑगस्ट अशा पाच महिन्यांचंच भाडं लागतं, एक लाख तीस हजार. ह्यांचा पगार धरून सात लाख चाळीस हजार. म्हणजे पुढच्या वर्षी मुलगी अर्ज करू शकते. सही केली नाही, तर बेरीज पुन्हा नऊ बावीसच.

मुलीला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "मुलींनी शिकावं म्हणून शिष्यवृत्ती ठेवायची," ती म्हणाली, "आणि ती मिळावी म्हणून आईने जमीन सोडायची? सही करू नकोस. मी एक वर्ष थांबते."

"थांबलीस तर पुढच्या वर्षीही हीच बेरीज आहे."

"मग मामाशी भांड."

"भांडून वीस तारखेच्या आत काय मिळेल ते सांग, मी भांडते."

निवडलेली भाजी तिने पुन्हा निवडायला घेतली. मी जमिनीची किंमत तिला सांगितली नाही. मला ती साधारण माहीत होती, आणि फीच्या शेजारी मांडण्यासारखी ती नव्हती.

सोमवार, १८ ऑगस्टला आम्ही निबंधक कार्यालयात गेलो. कॅमेऱ्यासमोर फोटो झाला, अंगठे झाले. स्वखुशीने देताय ना, असं तिथल्या माणसाने विचारलं आणि मी हो म्हटलं. बाहेर वहिनीने साडी दिली. नको म्हणायला जमलं नाही, तिथे सगळे बघत होते. मुलगी आली नव्हती.

दादाने त्याच दुपारी कॉलेजच्या खात्यात दोन लाख चाळीस हजार रुपये भरले. हक्कसोडपत्राच्या मुद्रांकाचे पाचशे रुपये वकिलाला मी दिले.